मॅडम, तुमचे प्रश्न ऐकू येत नाहीत

"मॅडम, तुमचे प्रश्नच ऐकू येत नाहीत," सोनल म्हणाली आणि कानातल्या वायरी काढून तिनं माझ्यापुढं धरल्या. सोनल आमच्या प्रकल्पावर मदतनीस आहे. कॅम्पातली, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातली मुलगी, कानाच्या तपासणीचं शिक्षण घेतलेली, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारी. माझ्या मुलाखती ऐकून टाईप करायचं काम मीच तिच्या गळ्यात मारलेलं. मी म्हटलं, आवाज वाढव. ती म्हणाली, वाढवलाय. मी म्हटलं, मग वायर खराब असेल, तुझ्या त्या स्वस्तातल्या वायरी. ती वायरी नुसती धरून राहिली, आणि तिचं ते शहाण्यासारखं गप्प बसणं मला जास्तच लागलं. शेवटी घातल्या मी कानात. वडगावच्या भरमूअण्णांची मुलाखत होती. अण्णा बोलत होते, म्हणजे ओरडत होते, मागावर कापड विणणारे मागवाले ओरडतात तसे. "कंबर लई दुखत्या. बसून बसून गुडघं गेलं." मग शांतता. त्या शांततेत लांब कुठंतरी ओठ पुटपुटल्याचा भास, आणि लगेच अण्णा, "कानाला काय धाड भरल्या? कान चांगलं हाय." परत शांतता, परत ते पुटपुटणं, परत अण्णांचं उत्तर. प्रश्न विचारणारी मी होते. आणि मी तिथं नव्हतेच.

"सगळ्या तशाच आहेत?" मी विचारलं. "सगळ्या," सोनल म्हणाली, "म्हणजे तुम्ही काय विचारलं असेल ते उत्तरावरून अंदाजानं लिहितेय मी." अंदाजानं. माझं संशोधन, माझी एवढी उन्हातान्हातली पायपीट, आणि ही पोरगी माझे प्रश्न अंदाजानं लिहितेय. मी म्हटलं, फोन लांब ठेवला असेल. ती म्हणाली, "नाही मॅडम, मी होते ना काही ठिकाणी. फोन तुमच्याच मांडीवर होता. तुम्ही त्या लोकांशी बोलताना वेगळंच बोलता. आधी हात लावता, मग तोंड मोठं करता, पण आवाज नाही काढत. मला वाटलं तुमच्यात तसंच असतं." तुमच्यात. मी तिला म्हटलं, जा, चहा पिऊन ये. ती गेली आणि मी त्या वायरी हातात घेऊन बसून राहिले.

आता याच वेळी हे उपटायचं काही कारण होतं का? आदल्याच दिवशी मगदूम सरांनी मला केबिनमध्ये उभं करून झापलं होतं. सर माझे मार्गदर्शक. निपाणीकडचे जैन, घरी तंबाखूचा व्यापार, कानडी आणि मराठी सारख्याच वेगात बोलणारे, आणि सूर्य मावळायच्या आत निपाणीला पोचून जेवायचं म्हणून ऊन कलायला लागलं की केबिनला कुलूप लावणारे. त्यामुळं माझ्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय सर एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात किल्ली धरून देतात. आमचा अभ्यास वडगाव-शहापुरातल्या मागवाल्यांच्या आरोग्याचा, आणि तो मिश्र पद्धतीचा. आकडे किती ते सांगतात, माणसं का ते सांगतात, दोन्ही एकत्र आणायचं, असं सर पहिल्या दिवशी म्हणाले होते तेव्हा ऐकायला किती सोपं वाटलं होतं. सोनलनं यंत्र लावून कान तपासले. निम्म्याहून जास्त लोकांचे कान कामातून गेलेले. मी त्याच लोकांच्या घरी जाऊन, चटईवर बसून मुलाखती घेतल्या. कानाची तक्रार एकाचीही नाही. कंबर, गुडघे, डोळे, सुताचा भाव, लाईटबिल, जावयाची दारू, सगळं बाहेर आलं, कान तेवढा आला नाही. सर म्हणाले, "राजेश्वरी, दोन्हीपैकी एक खोटं बोलतंय. मला वाटतं तुझी माणसं. तू त्यांच्या गल्लीतली, तुला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात. मुलाखती काढून टाकू. आकड्यांवर होतो प्रबंध. सोमवारी सांग मला. आयतु?" कानडीत झालं म्हणायचं आणि कुलूप लावायचं, म्हणजे पुढं कुणी बोलायचं नाही.

मुलाखती कशा काढून टाकणार? मुलाखती हे माझ्याकडचं एकमेव खणखणीत नाणं. इतर लोक येतात, फॉर्म भरून घेतात, जातात. मी मागवाल्याची पोरगी. आमचे लोक माझ्याशी मोकळं बोलतात, हे मी प्रत्येक चर्चासत्रात मान वर करून सांगितलेलं. सोनलनं एकदा कुरकुर केली होती, मॅडम, मी विचारलं की हे लोक नुसते बघत राहतात, तुम्ही विचारलं की पटकन बोलतात. तेव्हा मनातून मी किती सुखावले होते. म्हटलं, बाई गं, ते शिकवून येत नाही, त्यासाठी मागाच्या घरात जन्म घ्यावा लागतो. आणि ते खरंच होतं की. फक्त मला वाटत होतं त्या अर्थानं नव्हतं, आणि हे कळायला मला कॅम्पातल्या पोरीच्या वायरी कानात घालाव्या लागल्या.

घरी जाताना बसमध्ये कंडक्टरला वडगाव म्हटलं तर तो म्हणाला, "मोठ्यानं बोला की बाई." जन्मभर हेच ऐकत आले. वर्गात मागच्या बाकावरची पोरं, मॅडम, आवाज. बँकेत, दवाखान्यात, फोनवर. मला वाटायचं जगाला घाई फार, कुणाला ऐकून घ्यायचंच नाही. खिडकीशी बसून मी ओठ हलवून बघितले. वडगाव. व-ड-गा-व. शेजारची बाई माझ्याकडं बघून सरकून बसली. बसू दे. आमच्या घरात असंच बोलायचे. मागच्या खोलीत दोन पॉवरलूम, पुढच्या खोलीत स्वयंपाक आणि आई सुताच्या कांड्या भरायला बसायची, आणि त्या खटखटीत आवाजाचा काही उपयोगच नव्हता. काही सांगायचं असलं की समोर जायचं, आधी दंडाला हात लावायचा, उजेडात उभं राहायचं आणि तोंड उघडून शब्द दाखवायचे. आई दोन मागांच्या पलीकडनं शेजारच्या काकूला अख्ख्या भावकीची उणीदुणी सांगायची आणि मध्ये उभं राहून कुणाला एक अक्षर कळायचं नाही. लाईट गेली की सगळं एकदम बंद. ती शांतता अंगावर यायची. ज्याला त्याला काहीतरी काम आठवायचं आणि माणसं उठून बाहेर जायची. मी मोठी झाले ती त्या बोलण्यातच, आणि मला माहीत असलेले सगळे मागवाले असेच. मी त्यांच्यासमोर बसले की माझा आवाज आपोआप गळून पडत असणार आणि तोंड चालू होत असणार. त्यांनी माझे प्रश्न ऐकलेच नाहीत, बघितले. म्हणून तर चटकन उत्तरं दिली. आणि मी लिहिलं, श्रवणाबाबत तक्रार आढळली नाही. वा गं शहाणे.

म्हणजे यंत्र खरं आणि माणसंही खरी. कान नसले तरी त्यांचं काही अडत नव्हतं, आणि जिथं अडत होतं तिथं मी कधी गेले नव्हते. सरांना सोमवारी हे सांगितलं असतं तर त्यांनी डबा खाली ठेवून ऐकलं असतं. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण मला फुकटात मिळालं होतं. दुसरी कुणी असती तर बसमध्येच लिहायला बसली असती. मी मात्र वही पिशवीतून काढलीही नाही. कारण बस शहापुरात वळली तेव्हा मला आप्पांची पाठ आठवली.

आप्पा म्हणजे माझे वडील, सुबराव. त्यांची मी मुलाखत घेतली नाही आणि तपासणीही केली नाही, कारण घरच्या माणसांना घ्यायचं नाही हा नियम, आणि तो नियम बघून मला हायसंच वाटलं होतं. आप्पांशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. समोर असले की बोलतात, हसतात, चेष्टाही करतात. पण त्यांची लहर. पाठमोरे असले की शंभर हाका मारा, ढिम्म. अंधारात काही विचारलं की उठून चालू पडायचे. कोरोनाच्या दिवसांत तर कहर केला. रेशनच्या दुकानात, लस टोचायला गेलो तिथं, सगळीकडं भांडण. लोक तोंडं लपवून बोलत्यात, म्हणायचे, असल्यांच्यात मी येत न्हाय. लसीच्या रांगेतनं मला सगळ्यांदेखत तसंच सोडून घरी आले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. म्हटलं, म्हातारा हट्टी झालाय. म्हणजे सगळं माझ्या नाकासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि मी पदव्यांवर पदव्या घेत गल्लोगल्ली दुसऱ्यांचे कान शोधत फिरत होते. याला काय म्हणायचं?

पण हे सगळं सोडा. खरी गोष्ट ती नाहीच. मला कोल्हापूरला संख्याशास्त्राला जायचं होतं. आकड्यांत मी हुशार होते. नंबर लागला, कॉलेजच्या फलकावर नाव बघून मी धावत घरी आले आणि मग विचारायचं कसं म्हणून दिवसभर घुटमळले. आई म्हणाली, त्यांना इचार. माग चालू होता. मी म्हटलं, एवढं मोठं विचारायचं, ते खटखटीत तोंड वेंगाडून कशाला विचारू, जरा शांतपणे, माणसासारखं विचारू. म्हणून मी मुद्दाम लाईट जायची वाट बघितली. संध्याकाळी लाईट गेली. माग थांबले. आप्पा माझ्याकडं पाठ करून, खिडकीच्या उरलेल्या उजेडात तुटलेले धागे सांधत बसले होते. मी दारात उभी राहिले. इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, आप्पा, मी जाऊ का कोल्हापूरला? त्यांनी वळून बघितलं नाही. मी परत म्हटलं. ते धागा सांधत राहिले, मग उठले, चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता मागच्या दारानं बाहेर गेले. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. पण तेवढा एक शब्दही माझ्यावर खर्च करायला त्यांना जमलं नाही, असं मला वाटलं. मी गेले नाही. इथंच समाजकार्याला नाव घातलं. आकडे सोडले आणि माणसांची दुखणी विचारत फिरायला लागले. पुढं जे जे बिनसलं, ठरता ठरता मोडलेलं लग्न, दरवर्षी हातापाया पडून मिळणारी नोकरी, सगळ्याच्या मुळाशी मी ती पाठ नेऊन ठेवली. तिचा मला आधार होता. माणसाला काहीतरी एक पक्कं लागतं.

घरी पोचले तर आप्पा मागच्या खोलीत होते. आता एकच माग चालतो, तोही त्यांच्या हौसेपुरता. लाईट होती, पण माग बंद होता आणि ते वाकून, आडवा धागा नेणारा मागाचा धोटा पुसत होते, दाराकडं पाठ करून. मी उंबऱ्यात थांबले.  मी हाक मारली, "आप्पा." वर्गात मारावी तशी, चांगली मोठ्यानं. ते पुसत राहिले. मी आणखी मोठ्यानं हाक मारली. गल्लीतलं कुत्रं भुंकलं. आप्पा धोट्यावर फुंकर घालून तो उजेडात धरून बघत होते, अगदी मजेत.

"काय वराडतियास?" आई मागून म्हणाली. "फुडनं जाऊन सांग की."

मी वळले. आईच्या, म्हणजे अंबूबाईंच्या हातात भाजीची पाटी होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "तुला माहीत आहे," मी म्हटलं. "काय?" "यांना ऐकू येत नाही." आई माझ्याकडं असं बघायला लागली जशी मी तिला सांगत होते की चूल गरम असते. "व्हय की. तू पोटात हुतीस तवाच एका कानानं कमी हुतं. मग दुसराबी गेला." "मग मला सांगितलं का नाहीस?" "त्यात काय सांगायचं गं? आपल्यात कुणाचं चांगलं हाय? मला तरी कुठं धड येतंय? तुझ्या त्वांडाकडं बघून बोलत्ये मी." आणि वर म्हणाली, "तू शिकलेली. मला वाटलं तुला ठाऊक आसंल." मी पाटी तिच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली, नाहीतर ती मी कुठंतरी भिरकावली असती. ही माझी आई, आणि हे माझं गुणात्मक संशोधन. ज्याला घरात कुणी दुखणं समजतच नव्हतं त्याची मी तक्रार शोधत होते.

"कोल्हापूरचं आठवतं?" मी तिला विचारलं. "तू म्हणालीस त्यांना विचार. मी विचारलं होतं." आईनं खाली ठेवलेली पाटी उचलली. मग म्हणाली, "मला काय म्हाईत तू कवा इचारलीस. मी त्यांना आधीच सांगून ठिवलंतं, पोरगीचा नंबर लागलाय, इचारायला ईल." आणि मग, एवढी बोलकी बाई, ती भाजी निवडायला निघून गेली.

मी आप्पांच्या समोर गेले. दंडाला हात लावला. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला, नेहमी खुलायचा तसा. इतकी वर्षं मी त्याला लहर म्हणत आले. "आलीस व्हय?" ते म्हणाले, नेहमीसारखेच ओरडून. मी तोंड उघडलं. आवाज काढला की नाही मला सांगता येणार नाही. म्हटलं, आप्पा, कोल्हापूरला जायचं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही पाठमोरे होता. लाईट गेली होती.

त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. धोटा मांडीवर ठेवला. "न्हाय," ते म्हणाले, "तू इचारलंच न्हाईस. तुझ्या आईनं सांगिटलंतं तू इचारायला येणार हाईस म्हणून. मी वाट बघितली. माग चालू ठिवून तुझ्याकडं त्वांड करून बसायचो. तू दारापतोर यायचीस आनि परत जायचीस. मग म्हटलं, पोरगीलाच जायचं न्हाय." त्यांनी मांडीवरचा धोटा फिरवला. "खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. म्हटलं, घरात माणूस ऱ्हायलं."

आता यावर काय करायचं माणसानं? एवढी वर्षं जपलेला राग या माणसानं एका वाक्यात माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या वाक्यात नवा दिला, जुन्यापेक्षा अवघड. नको म्हणणारा बाप परवडला असता. मी गेले नाही म्हणून बरं वाटलेला, आणि ते स्वतः होऊन सांगणारा बाप घेऊन मी कुठं जाऊ? मला रडू येत होतं आणि रडले तर तोंड वाकडं होईल, मग त्यांना कळणार नाही, म्हणून मी रडलेही नाही. हेसुद्धा त्यांच्याचसाठी. संताप संताप झाला नुसता.

आप्पा माझ्याकडं बघत होते. उत्तराची वाट बघत असणार. मग त्यांनी हात पुसले, खिडकीकडं पाठ केली, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडला, आणि म्हणाले, "तवा न्हाईस इचारलं, आता इचार की."

मी म्हटलं, काहीतरीच काय. ते म्हणाले, "इचार गं." लहान पोरीला म्हणावं तसं. आई दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली. मी मान वर केली आणि मागाच्या खटखटीत दाखवावा तसा एकेक शब्द तोंडावर आणून दाखवला. आप्पा, मी जाऊ का कोल्हापूरला?

"जा की," आप्पा म्हणाले, शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कोण नको म्हणालंय?"

"आता जाऊन काय करू, आप्पा?" मी म्हटलं. पण हे मी तोंड फिरवून म्हटलं.